कैलासला जायलात तर जेवणाचं नंतर विचारा, आधी मुक्काम विचारा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

परवाच्या रविवारी तुमच्या पेपरात कैलास मानसरोवर यात्रेवर अर्धं पान आलं, वाचून बरं वाटलं, पण त्याच पानाच्या खाली एका यात्रा कंपनीची जाहिरात होती अन् ती वाचून हे पत्र टाईप करायला बसलो. जाहिरातीत काय तर शुद्ध शाकाहारी महाराष्ट्रीयन जेवण, रोज गरम नाश्ता, सोबत आपले आचारी, एकादशीला फराळाची वेगळी सोय. सगळं होतं. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं, तेवढं नव्हतं.

आमचं सेलूला मेडिकल आहे. २०१९ च्या जूनमधे मी, आमची मंडळी अन् आमच्या भागातले बाकीचे मिळून चौदा जण काठमांडूमार्गे प्रायव्हेट कंपनीसोबत कैलासला गेलो होतो. परभणीहून सचखंडनं दिल्ली, तिथून विमानानं काठमांडू, पुढं सगळा रस्ता. निघायच्या आधी कंपनीच्या माणसानं मिटिंग घेतली होती, त्यात आम्ही दीड तास प्रश्न विचारले अन् त्यातला एक तास ज्वारीची भाकर मिळंल का, दशम्या किती दिवस टिकतील, चहात दूध असतं का, यात गेला. मी स्वतः औषधाच्या धंद्यात असून उंचीचा एकही प्रश्न विचारला नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

तर आता आकडे बघा. आपली परभणी समुद्रसपाटीपासून ४०० मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई १६४६ मीटर. काठमांडू साधारण १४००. नेपाळची हद्द ओलांडून तिबेटात शिरलं की पहिलं गाव केरुंग, ते २८०० च्या आसपास. अन् तिथून दुसऱ्या दिवशी बस तुम्हाला थेट सागाला नेऊन सोडती, ते ४५०० च्या घरात, म्हणजे एकावर एक पावणेतीन कळसूबाई. मानसरोवर ४५९० मीटर. परिक्रमेतली डोल्मा ला ५६३० मीटर (ला म्हणजे तिबेटीत खिंड, लोक डोल्मा ला खिंड म्हणतात ते आपल्या विंध्याचल पर्वतासारखं झालं). सेलूत एका श्वासात जेवढा ऑक्सिजन छातीत जातो त्याच्या साठ टक्के सागाला मिळतो, डोल्मा ला वर जेमतेम निम्मा.

डॉक्टर लोकांचा सरळ नियम आहे, ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपायच्या जागेत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढ नको अन् दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथंच थांबायचं. या हिशोबानं केरुंगहून सागाला पोचायला चार रात्री पाहिजेत, बस एका दिवसात पोचवती. मधे हॉटेलं नाहीत हे खरं, रस्ता तसाच आहे, त्यात कंपनीचा दोष नाही. पण मग केरुंगला एक रात्र ठेवायची का दोन, सागाला एक ठेवायची का दोन, हे तर कंपनीच्या हातात असतं ना? तिथं एक-एक रात्र कापली की टूर दोन दिवसांनी लहान होती, वीस-पंचवीस हजारांनी स्वस्त होती अन् आपण खूष, की आम्ही कमी पैशात करून आलो. आमची टूर अशीच कापलेली होती. केरुंगला एक रात्र, सागाला एक रात्र.

आता जे झालं ते सांगतो. आमच्यात एक रिटायर मास्तर होते, वय ६३, दरवर्षी पंढरीला पायी जाणारे, आमच्या सगळ्यांत काटक. सागाला आम्ही पोचलो तेव्हा घड्याळात रात्रीचे नऊ वाजून गेले होते अन् बाहेर अजून उजेड, कारण सगळ्या चीनमधे एकच टाईम, बीजिंगचा, आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. हॉटेलवर आमच्या नेपाळी गाईडनं सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. कोविडच्या आधीची गोष्ट, त्यामुळं मी सोडून बाकीच्यांनी ते यंत्र पहिल्यांदाच बघितलेलं, त्यांना तो आकडा मार्कासारखा वाटायला लागला. माझं ७९ आलं तर एक जण म्हणला, वा, डिस्टिंक्शन. मास्तरांचं ६८. सगळे हसले, मास्तर आयुष्यभर पोरं नापास केली, आता तुमची बारी. मास्तर पण हसले, पण जरा उशिरा हसले. ते उशिरा हसणं मी बघितलं अन् सोडून दिलं.

जेवायला आले नाहीत म्हणून खोलीत गेलो. पलंगावर बसून स्वेटरच्या गुंड्या लावायलेत. वरची गुंडी खालच्या काजात, मग काढायची, परत तीच गुंडी त्याच काजात. म्हणलं मास्तर, काय चाललंय. तर म्हणले "बसना झाली." अन् मग एकदम माझ्याकडं बघून, "घंटा झाली का?"

माझ्या पोटात गोळा आला. पळत जाऊन गाईडला आणलं. त्यानं मास्तरांना उभं केलं, फरशीची रेघ दाखवली अन् म्हणला यावरून चाला, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटाला टेकवत. आता हा माणूस जन्मभर शेताच्या बांधावरून चाललेला, डोक्यावर ओझं घेऊन चाललेला. तिसऱ्या पावलाला भिंतीवर जाऊन आदळला.

कंपनीचा मॅनेजर म्हणायला लागला, एवढ्या रात्री कुठं काढता, प्रवासाचा थकवा आहे, गॅस झाला असंल, झोपू द्या सकाळपर्यंत. तो पंचवीस-सव्वीस वर्षाचा गाईड त्याला एवढंच बोलला, "सोयेगा तो उठेगा नहीं." हे वाक्य मी विसरणार नाही. उंची लागून मेंदूला सूज आल्यावर माणूस असाच चालतो, दारू प्यायल्यासारखा, अन् त्यावर खाली उतरवणं हाच खरा इलाज, ऑक्सिजन अन् डेक्सामेथासोन (सूज कमी करायचं औषध) वगैरे हे खाली पोचेपर्यंत वेळ काढायला. अन् तिबेटात खाली उतरणं म्हणजे काय ते पण ऐका, सागाहून केरुंगला यायचं तर वाटेत ५००० मीटरच्या वरची खिंड लागती, म्हणजे खाली उतरायला आधी वर चढायचं. जीपमधे सिलेंडर लावून, नाकात नळी, एका बाजूला त्यांची बायको अन् एका बाजूला मी. चौकीवर कागद दाखवायला थांबलो तेवढंच. पहाटे केरुंगला पोचलो, सकाळी मास्तर चहात साखर कमी आहे म्हणून पोरावर खेकसले, तेव्हा त्यांच्या बायकोच्या जिवात जीव आला.

नंतर कळलं की केरुंगलाच त्यांचं डोकं फुटायला लागलं होतं, उलटी पण झाली होती. कोणाला सांगितलं नाही, सांगितलं तर परत पाठवतील म्हणून. बीपीची गोळी पण फॉर्मवर लिहिली नव्हती. बीपीमुळं हे झालं असं मी म्हणत नाही, झालं ते डोकेदुखी लपवून १७०० मीटर वर चढल्यामुळं. पण लपवायची सवय एकच आहे. आमच्या दुकानावर लोक येतात, यात्रेसाठी फिटनेस सर्टिफिकेट कुठं मिळंल विचारतात, तपासणी कुठं होईल असं विचारत नाहीत.

सरकारी यात्रेत हे चालत नाही, बरं का. परराष्ट्र मंत्रालयाची यात्रा २०२० पासून बंद होती, ती २०२५ ला परत सुरू झाली, ५० जणांच्या पाच तुकड्या उत्तराखंडच्या लिपुलेखहून अन् दहा तुकड्या सिक्कीमच्या नथुलाहून, म्हणजे एकूण ७५०. वय १८ ते ७०, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २५ च्या आत, कॉम्प्युटर ड्रॉ, दिल्लीला मेडिकल, अन् वर चढताना परत तपासणी, नापास झालात की घरी. लोक म्हणतात सरकारी लई कटकटीची आहे. ती कटकट म्हणजेच मास्तरांना केरुंगला थांबवणारा माणूस. प्रायव्हेटमधे तो माणूस आपला आपणच असतो.

दुसरी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, कैलास आपला देव आहे पण गाव दुसऱ्याचं आहे अन् तिथं आपण परदेशी. नेपाळला आधारवर जाता येतं असं बरेच जण ऐकून असतात, ते पण अर्धंच खरं, विमानानं जायचं तर पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड लागतं, आधार फक्त १५ च्या आतल्या अन् ६५ च्या वरच्या लोकांना चालतं. अन् तिबेटला तर पासपोर्टशिवाय विषयच नाही, सहा महिन्यांच्या वर मुदत शिल्लक पाहिजे. परदेशी माणसाला तिबेटात एकट्यानं फिरता येत नाही, परमिट वेगळं, गाईड सोबत पाहिजेच अन् व्हिसा सगळ्या ग्रुपचा मिळून एका कागदावर. त्या कागदावर तुमचा नंबर असतो, बॉर्डरवर त्याच नंबरानं लाईनीत उभं राहायचं, नवरा चार नंबरला अन् बायको अकराला असली तरी. जाताना सगळे एकत्र, येताना सगळे एकत्र. मास्तरांना आधी परत पाठवायचं म्हणल्यावर त्या कागदातून नावं वेगळी करायला किती खटपट झाली, वरून जीपचा खर्च त्यांच्याच माथी. फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं म्हणे. तर आजारी माणूस आधी उतरवायची वेळ आली तर गाडी कोणाची, पैसे कोणाचे, सोबत कोण, हे पैसे भरायच्या आधी लिहून घ्या. इन्शुरन्स काढताना पण किती मीटरपर्यंत चालतो अन् तिबेट त्यात येतं का ते बघा, बऱ्याच पॉलिसीत एवढी उंची बसतच नाही.

मोबाईलचं पण सांगून ठेवतो. दलाई लामांचा फोटो, पुस्तक, लॉकेट काही म्हणजे काही सोबत ठेवायचं नाही, बॉर्डरवर बॅगा उघडतात, पुस्तकं चाळतात, मोबाईल पण मागू शकतात. २०१९ च्या नोव्हेंबरात दलाई लामा औरंगाबादला, आताच्या संभाजीनगरला, आले होते, आपल्याकडच्या कित्येकांच्या गॅलरीत ते फोटो अजून असतील, घरी दुसरीकडं जपून ठेवा अन् जायच्या आधी मोबाईलमधून काढा. आपल्यासाठी ती श्रद्धा आहे, तिथं ते प्रकरण होतं अन् आपल्यापेक्षा जास्त त्रास आपल्या तिबेटी गाईडला होतो. चौकीचे, मिलिटरीचे फोटो काढू नका. गूगल, वॉट्सॲप तिथल्या नेटवर चालत नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेवा की चार दिवस फोन नाही आला तर रडारड करायची नाही.

आता औषधांचं, हा माझा विषय. डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाईड, उंचीची सवय लवकर व्हायला मदत करतं, साधारण चढायच्या एक दिवस आधीपासून सुरू करतात. पण ते डॉक्टरला विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असंल, किडनीचं काही असंल तर गडबड होती. हातापायाला मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, त्यात घाबरायचं काही नाही, अन् सारखं उठावं लागतं म्हणून पाणी कमी पिऊ नका, आमच्यातल्या बाया हेच करायल्या होत्या. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी घ्यायची नाही, श्वास अजून मंदावतो. दारूचं पण तेच. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यात फेस आला तर ते फुफ्फुसात पाणी, तेव्हा पण तेच, रात्र बघायची नाही, खाली. ऑक्सिमीटर कोविडपासून घरोघरी पडून आहेत, सेल बदलून घेऊन जा, पण बोट गार असलं की आकडा चुकतो, बोट चोळून गरम करून लावा, अन् नुसता आकडा धरून बसू नका, माणूस कसा चालतो, कसा बोलतो ते बघा. शुगरवाल्यांनी इन्शुलिन बॅगेत टाकायचं नाही, अंगाच्या कपड्यात आतल्या खिशात ठेवायचं, एकदा गोठलं की कामातून गेलं. ग्लुकोमीटर पण थंडीत एरर दाखवतो, तो पण तसाच उबेत ठेवा.

अन् कापूर. साहेब, दर सिझनला वॉट्सॲपवर तो मेसेज फिरतो, कापूर, ओवा, लवंगाची पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजन वाढतो. माझ्याकडून शंभर-शंभर रुपयाचा कापूर लोक घेऊन जातात, धंदा माझाच होतो तरी सांगतो, त्यानं वास येतो, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, ऑक्सिजन एक टक्का वाढत नाही. आरतीला न्या.

"मी वारीला पायी जातो, मला काय होतंय" हे पण सोडा. उंची लागणं अन् अंगात ताकद असणं याचा संबंध नाही, उलट तगडा माणूस पहिल्याच दिवशी पळत सुटतो अन् आडवा होतो. सागाला पोचल्यावर जिन्यावरून सामान स्वतः नेऊ नका, बाजार फिरायला पळू नका, हळू, म्हशीसारखं. तिथं असताना एकादशी आली तर निर्जळी करू नका, पांडुरंग समजून घेतो.

जेवणाचा विषय निघालाच तर तोही ऐका. मानसरोवराच्या उंचीवर पाणी ८५ अंशालाच उकळतं. भांडं नुसतं खदखदतं, डाळ शिजत नाही. आमच्या आचाऱ्यानं कुकर होता म्हणून निभावलं, तरी तूर डाळ कचकच लागायची अन् चहा उकळता घेतला तरी कोमट वाटायचा. म्हणजे ज्या जेवणासाठी आम्ही एक तास घालवला ते तिथं कोणाला जातच नव्हतं, भूकच मरती. आमची मंडळी धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी घेऊन गेली होती, तेवढं मात्र शेवटपर्यंत पुरलं अन् चौघांना खाऊ घातलं.

बाकी लहानसहान. संडासाला दारं नसतात, बऱ्याच ठिकाणी संडासच नसतो, बायांनी साडीचा हट्ट सोडून ट्रॅकपँट घालावी, सोबत छत्री ठेवावी, आडोशाला कामाला येती. गॉगल चांगला घ्या, ऊन आपल्या मे महिन्यासारखं भाजतं पण अंगाला कळत नाही कारण वारा गार असतो, आठ दिवसांत ओठ फाटून रक्त येतं. आपले रुपये तिथं चालत नाहीत, युआन काठमांडूतच घ्या. मानसरोवरात उतरून डुबकी घेऊ देत नाहीत, बादलीनं पाणी काढून काठापासून लांब अंघोळ करायची, ते पण दुपारी उन्हात अन् तब्येत धड असंल तरच.

परतीचं तिकीट कधीच चिकटून काढू नका. २०१८ च्या जुलैमधे खराब हवेमुळं पश्चिम नेपाळातल्या सिमिकोट-हिल्सा भागात दीड हजारावर भारतीय यात्रेकरू अडकून पडले होते, कारण त्या बाजूनं तेव्हा लहान विमान, हेलिकॉप्टर उडाल्याशिवाय बाहेरच पडता येत नव्हतं. २०२५ च्या जुलैमधे रसुवागढीला पूर आला अन् नेपाळ-चीनमधला पूलच वाहून गेला, तोच ज्याच्यावरून आम्ही केरुंगला गेलो होतो. तीन-चार दिवस हातचे ठेवा. आपल्याकडचे शेतकरी पेरणी उरकून निघतात अन् डवरणीच्या आत परत यायचं म्हणतात, तो हिशोब हिमालयाला माहीत नसतो.

परिक्रमेचं शेवटी सांगतो, कारण त्यावरून घरात अजून वाद आहे. ५२ किलोमीटर, तीन दिवस. आता तुम्ही म्हणाल तुम्ही तर केरुंगला होता, तुमची परिक्रमा कशी झाली. मास्तरांना दोन दिवस बघून, त्यांना अन् त्यांच्या बायकोला काठमांडूकडं रवाना करून, मी मागून येणाऱ्या आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या ग्रुपच्या गाडीत बसून वर गेलो, गाईडनं परवानगीचं काय ते जमवलं. अन् गंमत बघा, केरुंगला आपोआप जास्तीच्या रात्री पडल्यामुळं मला सागाला दुसऱ्यांदा काहीच त्रास झाला नाही, बोटावर ८६. पहिल्या दिवशी डिरापुकपर्यंत चाललो, तिथून कैलासाचा उत्तरेकडचा कडा समोर दिसतो, एवढा जवळ की मान वर करावी लागती. रात्री माझं डोकं ठणकायला लागलं. सकाळी गाईडला जसं आहे तसं सांगितलं अन् मागं फिरलो, डोल्मा ला केली नाही. आमची मंडळी आधीच्या ग्रुपमधे होती, ती घोड्यावर बसून अख्खी परिक्रमा करून आली. तेव्हापासून पाहुण्यात बसली की म्हणती, यांची यात्रा अर्धी झाली.

माझी विनंती एवढीच की तुमच्या पेपरात यात्रा कंपनीची जाहिरात घेताना त्यांना एक चौकट टाकायला लावा, कोणती रात्र, कोणतं गाव, किती मीटर. जेवणाच्या मेनूएवढीच जागा लागती. पत्र लांबलंय, कापायचं तर संडासाचं अन् धपाट्याचं कापा, मुक्कामाचं राहू द्या.

आपला एक वाचक,
सेलू, जि. परभणी

ता.क. – हे छापून आलं तर दुकानावर लोक येतील म्हणून आधीच लिहितो, चिठ्ठीशिवाय डायमॉक्स मागू नका, ओळखीत पण देणार नाही. मास्तरांना पण दिलं नाही, ते यंदा परत जायचं म्हणायलेत.